राज्यसभेचं पक्षीय बलाबल घरच्या वहीत कसं मांडावं: खुर्ची, माणूस आणि पक्ष यांचे तीन वेगळे हिशेब

ग्वाल्हेरच्या मराठी घरात सकाळी येणारं वर्तमानपत्र बहुधा हिंदी असतं आणि मोबाइलवरच्या बातम्या मराठी. त्यामुळे राज्यसभेच्या बातमीत पहिला घोटाळा शब्दांचाच होतो. हिंदीतला ‘मनोनीत सदस्य’ म्हणजे मराठीतला ‘राष्ट्रपतीनियुक्त’ किंवा ‘नामनिर्देशित’ खासदार. ‘निर्विरोध’ म्हणजे बिनविरोध आणि ‘उपचुनाव’ म्हणजे पोटनिवडणूक. एवढं जुळलं तरी आकडे जुळत नाहीत. एका बातमीत सत्ताधारी आघाडीला बहुमतासाठी दोन जागा कमी असतात, दुसरीत बहुमत पार झालेलं असतं. अनेकदा दोन्ही बातम्या बरोबर असतात. दोघांनी मोजलेली गोष्ट वेगळी असते.

पुढची पद्धत स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि लष्कर भागातल्या वाचनालयात भिंतीवर तक्ता लावू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल. साहित्य म्हणून एक उभी लेजर वही किंवा संगणकावरची साधी तालिका पुरते. पहिली मांडणी करायला दोन-तीन तास लागतात. नंतर महिन्याला पंधरा मिनिटं.

आधी खुर्च्या मांडा, नावं नंतर

बहुतेक जण खासदारांच्या नावांची यादी करून तिथूनच सुरुवात करतात. अशी वही वर्षभरात निकामी होते. माणूस निघून जातो, पक्ष बदलतो, राज्यपाल होतो, लोकसभेवर जातो. खुर्ची मात्र जागेवरच असते आणि तिचा कालावधीही तिच्याबरोबर राहतो. म्हणून वहीची प्रत्येक ओळ एका खुर्चीची असावी.

घटनेनुसार राज्यसभेत जास्तीत जास्त २५० जागा असू शकतात. सध्याची रचना २४५ जागांची आहे. त्यातले २३३ सदस्य राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतून निवडून येतात आणि १२ राष्ट्रपतीनियुक्त असतात. खुर्च्यांना सांकेतिक नावं द्या: मप्र-१ ते मप्र-११, महा-१ ते महा-१९, गुज-१ ते गुज-११, नाम-१ ते नाम-१२.

राज्यांचे आकडे असे. उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, तमिळनाडू १८, पश्चिम बंगाल आणि बिहार प्रत्येकी १६, कर्नाटक १२, आंध्र प्रदेश, गुजरात आणि मध्य प्रदेश प्रत्येकी ११, ओडिशा आणि राजस्थान प्रत्येकी १०, केरळ ९, पंजाब, आसाम आणि तेलंगणा प्रत्येकी ७, झारखंड ६, छत्तीसगड आणि हरियाणा प्रत्येकी ५, जम्मू-काश्मीर ४, हिमाचल, उत्तराखंड आणि दिल्ली प्रत्येकी ३. गोवा, सिक्कीम, पुद्दुचेरी, अरुणाचल, मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा यांची प्रत्येकी १. बेरीज २३३ आली नाही, तर पुढे जाऊ नका. जुन्या पुस्तकावरून मध्य प्रदेशच्या १६ जागा लिहिल्या गेल्या असतील, तर गडबड तिथेच आहे. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा त्यातल्या ५ जागा तिकडे गेल्या.

‘राज्य’ या रकान्यात खुर्चीचं राज्य लिहायचं, खासदाराचं गाव नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर उमेदवार त्याच राज्यातला मतदार असण्याची अट उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये ती दुरुस्ती मान्य केली. म्हणून मध्य प्रदेशच्या खुर्चीवर ओडिशाचे धर्मेंद्र प्रधान, तमिळनाडूचे एल. मुरुगन आणि केरळचे जॉर्ज कुरियन बसलेले दिसले. नामनियुक्तांसाठी हा रकाना रिकामाच ठेवा.

घड्याळ केव्हा सुरू होतं

राज्यसभा बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य ठीक आहे, पण त्यावर वही चालत नाही. मुदत नेमकी कुठल्या दिवसापासून मोजायची, हे महत्त्वाचं.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार मुदत राजपत्रातल्या अधिसूचनेच्या तारखेपासून सुरू होते. निकालाच्या किंवा शपथेच्या दिवसापासून नाही. मध्य प्रदेशातले पाच जण २०२४ च्या फेब्रुवारीत बिनविरोध निवडून आले, पण त्यांची मुदत ३ एप्रिल २०२४ पासून चालू झाली. मधल्या सहा आठवड्यांत त्या खुर्च्यांवर जुनेच सदस्य होते. निकालाच्या रात्रीच वहीत नवी नावं चढवणाऱ्यांचा आकडा इथे चुकतो.

तारखा सरकतातही. मध्य प्रदेशच्या तीन खुर्च्या ९ एप्रिल २०२० रोजी रिकाम्या झाल्या. मतदान २६ मार्चला व्हायचं होतं, ते कोरोनामुळे पुढे ढकललं गेलं आणि १९ जूनला झालं. दोन महिन्यांहून अधिक काळ तिन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि नवी सहा वर्षं २२ जून २०२० पासून मोजली गेली. त्यामुळे या खुर्च्यांची निवृत्ती एप्रिलमधून कायमची जूनमध्ये गेली. ‘मागच्या तारखेत सहा वर्षं मिळवा’ हा सोपा नियम अशा वेळी फसतो.

‘एक तृतीयांश’ हे संपूर्ण सभागृहाचं सूत्र आहे. राज्य पातळीवर ते लागू पडेलच असं नाही. मध्य प्रदेशच्या ११ खुर्च्या ३, ३ आणि ५ अशा तीन गटांत येतात. दिल्लीच्या तिन्ही खुर्च्या जानेवारी २०२४ मध्ये एकदम रिकाम्या झाल्या. पंजाबच्या सातही २०२२ या एकाच वर्षी. पंजाबात १९८७ ते १९९२ राष्ट्रपती राजवट होती. विधानसभाच नसली की मतदार नसतात, खुर्च्या रिकाम्या पडून राहतात आणि पुढे एकत्रच भरल्या जातात. एकदा जुळलेली घड्याळं आपोआप वेगळी होत नाहीत. जम्मू-काश्मीरच्या चारही खुर्च्या याच कारणाने फेब्रुवारी २०२१ ते ऑक्टोबर २०२५ रिकाम्या होत्या.

पक्षाचा एक रकाना पुरत नाही

तीन करा: निवडून आला तेव्हाचा पक्ष, सभागृहाच्या नोंदीतला आजचा पक्ष, आणि मतदानातला कल. तिसरा रकाना पेन्सिलीने भरा.

पहिला रकाना कधी खोडायचा नाही. दुसरा फक्त राज्यसभा सचिवालयाच्या पक्षनिहाय यादीवरून बदलायचा, पत्रकार परिषदेवरून नाही. जून २०१९ मध्ये तेलुगू देसमच्या ६ पैकी ४ राज्यसभा सदस्यांनी भाजपमध्ये विलीन होत असल्याचं पत्र दिलं आणि सभापतींनी ते मान्य केलं. ४ म्हणजे नेमके दोन तृतीयांश, घटनेच्या दहाव्या परिशिष्टातल्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमातल्या, विलीनीकरणाला लागतात तेवढे. तिघेच गेले असते तर अपात्रतेची टांगती तलवार राहिली असती. उलट उदाहरण संयुक्त जनता दलाच्या शरद यादव आणि अली अन्वर यांचं. डिसेंबर २०१७ मध्ये दोघे अपात्र ठरले. तिथे पक्षाचा रकाना बदलत नाही, खुर्चीच रिकामी होते.

तिसऱ्या रकान्यात बिजू जनता दलासारखे कुठल्याच आघाडीत नसलेले पक्ष, अपक्ष आणि बरेचसे नामनियुक्त येतात. बातम्यांमधल्या ‘आघाडीचं संख्याबळ’ या आकड्यातली तफावत बहुतेक इथूनच येते. कुणी नामनियुक्त सरकारच्या बाजूने धरतो, कुणी धरत नाही.

राष्ट्रपतीनियुक्त बारा

साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या १२ व्यक्तींना राष्ट्रपती नेमतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. १९५२ च्या पहिल्या बारांत काका कालेलकर होते, तसे पृथ्वीराज कपूरही. आपल्या शेजारच्या इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर १९९९ मध्ये नियुक्त झाल्या.

या बारांसाठी वहीत दोन घड्याळं लागतात. पहिलं मुदतीचं. ते नियुक्तीच्या अधिसूचनेपासून चालतं. दुसरं पक्षप्रवेशाचं. ते शपथ घेऊन जागेवर बसल्या दिवसापासून सहा महिने चालतं. सचिन तेंडुलकरांची मुदत २७ एप्रिल २०१२ ला सुरू झाली आणि शपथ ४ जूनला झाली. म्हणजे दोन घड्याळांत पाच आठवड्यांहून अधिक अंतर पडलं.

सहा महिन्यांच्या आत नामनियुक्त सदस्य एखाद्या पक्षात गेला तर चालतं. त्याची नोंद त्या पक्षाकडे होते. मुदत उलटल्यावर गेला तर तो अपात्र ठरू शकतो. स्वपन दासगुप्ता २०१६ मध्ये नियुक्त झाले आणि सहा महिन्यांत कुठल्याही पक्षात गेले नाहीत. २०२१ मध्ये भाजपने त्यांना बंगाल विधानसभेची उमेदवारी दिली. तेव्हा अपात्रतेचा प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला. निवडणूक हरल्यावर जूनमध्ये त्यांची त्याच खुर्चीवर उरलेल्या मुदतीसाठी, म्हणजे एप्रिल २०२२ पर्यंत, पुन्हा नियुक्ती झाली. वहीत या प्रकाराच्या तीन नोंदी होतात: रिक्त, भरली, माणूस तोच. हा बदल धरायचा की नाही, याचं उत्तर पुढे उलाढालीच्या भागात आहे.

मधेच रिकामी झालेली नामनियुक्त खुर्ची भरली जाते ती उरलेल्या मुदतीपुरती. रघुनाथ महापात्र यांच्या निधनानंतर महेश जेठमलानी यांची नियुक्ती झाली आणि त्यांची मुदत २०२४ मध्ये महापात्रांच्या खुर्चीबरोबरच संपली. २०१६ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी काही महिन्यांतच सोडलेल्या खुर्चीवर रूपा गांगुली आल्या. त्याही एप्रिल २०२२ पर्यंतच राहिल्या.

बारांपैकी चार दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, असं मानू नका. अलीकडच्या नियुक्त्याच पाहा. मार्च २०२० मध्ये रंजन गोगोई एकटे. जुलै २०२२ मध्ये चार: इलैयाराजा, पी. टी. उषा, विजयेंद्र प्रसाद, वीरेंद्र हेगडे. त्याच सप्टेंबरात गुलाम अली. २०२४ मध्ये सतनामसिंग संधू आणि सुधा मूर्ती. जुलै २०२५ मध्ये पुन्हा चार: उज्ज्वल निकम, हर्षवर्धन शृंगला, मीनाक्षी जैन, सी. सदानंदन मास्टर. सरकार नियुक्त्या लांबवतं आणि खुर्च्या महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात. काठावरच्या बहुमताच्या काळात चार नामनियुक्त एकदम निवृत्त झाले, तर सत्ताधाऱ्यांचं पारडं एका रात्रीत हलकं होतं. जुलै २०२४ मध्ये तसंच झालं होतं.

परीक्षार्थींसाठी एक नोंद: नामनियुक्त सदस्य उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत देतात, राष्ट्रपतीच्या नाही.

कोटा: कुठला पक्ष किती खुर्च्या नेईल

पुढच्या निवडणुकीचा अंदाज वहीत घ्यायचा असेल तर कोट्याचं, म्हणजे एक खुर्ची जिंकायला लागणाऱ्या किमान मतांचं, गणित यावं लागतं. एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १०० धरतात. एकूण वैध मतमूल्याला (जागा अधिक १) ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा.

मध्य प्रदेश विधानसभेत २३० आमदार आहेत. पाच जागा असतील तर २३,००० भागिले ६, म्हणजे ३,८३३, अधिक १, म्हणजे ३,८३४. आमदारांच्या भाषेत ३९ मतं. २०२३ च्या निकालात भाजप १६३, काँग्रेस ६६, भारत आदिवासी पार्टी १. भाजपला चार खुर्च्यांसाठी १५६ मतं लागतात, ती आहेत. पाचवीसाठी उरतात ७. काँग्रेसला एका खुर्चीला ३९ पुरतात. ४ विरुद्ध १ हे आधीच दिसत होतं, म्हणूनच निवडणूक बिनविरोध झाली. तीन जागा असतील तर कोटा ५,७५१, म्हणजे ५८ मतं.

इथे २३० हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. जून २०२० मध्ये बावीस आमदारांचे राजीनामे आणि दोन मृत्यू यामुळे सभागृहात २०६ जणच होते. तीन जागांसाठी कोटा ५८ वरून ५२ वर उतरला. मतपत्रिका अवैध ठरल्या तर तो आणखी बदलू शकतो, कारण मोजली जातात ती वैध मतं.

राज्यसभेच्या मतदानात आमदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं तरी त्या एका कारणाने पक्षांतरबंदी लागत नाही. मतदान खुलं असतं आणि मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तरी क्रॉस व्होटिंग होतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचलच्या एका जागेवर ३४ विरुद्ध ३४ अशी बरोबरी झाली. स्पष्ट बहुमत असलेल्या काँग्रेसचा उमेदवार चिठ्ठीवर हरला. म्हणून कोट्यापेक्षा दोन-तीन मतं जास्त असतील तिथे वहीत ‘नक्की’ लिहा. अगदी काठावर असतील तिथे ‘संभाव्य’.

पोटनिवडणुकीचा वेगळा न्याय

ग्वाल्हेरकरांनी हा प्रकार जवळून पाहिला आहे. राज्यसभेचा सदस्य लोकसभेवर निवडून आला की त्याची राज्यसभेतली खुर्ची निवड जाहीर झाल्या दिवशी आपोआप रिकामी होते. राजीनाम्याची वाट पाहायची नसते. ज्योतिरादित्य शिंदे ४ जून २०२४ रोजी गुना मतदारसंघातून निवडून आले, तेव्हा त्यांची २०२० ची खुर्ची त्याच तारखेला सुटली. ग्वाल्हेरचेच अटलबिहारी वाजपेयी १९८४ मध्ये इथे माधवराव शिंद्यांकडून हरले, १९८६ मध्ये मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेले आणि १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावर ती खुर्ची सोडून गेले. विधानसभेवर निवडून येणाऱ्या राज्यसभा सदस्याचं मात्र तसं नाही. त्याला १४ दिवस मिळतात. त्या मुदतीत आमदारकी सोडली नाही तर खासदारकी जाते.

शिंद्यांच्या जागी ऑगस्ट २०२४ मध्ये जॉर्ज कुरियन बिनविरोध आले. त्यांच्या वाट्याला सहा वर्षं आली नाहीत, २१ जून २०२६ पर्यंतचा उरलेला काळ आला. खुर्ची रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर हे बंधन नाही. अशी खुर्ची नियमित निवडणुकीपर्यंत रिकामी राहू शकते आणि तेवढे दिवस तिची नोंद ‘रिक्त’ अशीच ठेवायची.

पोटनिवडणुकीत एका जागेसाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मध्य प्रदेशात ११६. म्हणजे तीन खुर्च्यांच्या निवडणुकीत विरोधकांनी जिंकलेली खुर्ची अधेमधे रिकामी झाली, तर ती सत्ताधाऱ्यांकडे जाते. आणि प्रत्येक पोटनिवडणूक स्वतंत्र धरली जाते. २०१९ मध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर गेल्याने गुजरातच्या दोन खुर्च्या सुटल्या. दोन्हींचं मतदान ५ जुलैला, एकाच दिवशी झालं, पण निवडणुका दोन. एकत्र घेतली असती तर १८२ च्या सभागृहात कोटा ६१ झाला असता आणि सत्तरच्या घरात आमदार असलेल्या काँग्रेसला एक खुर्ची मिळाली असती. वेगवेगळ्या झाल्याने एस. जयशंकर आणि जुगलजी ठाकोर, दोघेही भाजपचे, निवडून आले. तेव्हा बातमीत ‘दोन जागा’ दिसल्या की आधी पाहा, निवडणूक एक की दोन.

उलाढाल मोजताना काय भागायचं कशाने

‘इतके टक्के सदस्य बदलले’ हे वाक्य ऐकायला सोपं आणि मोजायला फसवं आहे. आधी ठरवा की माणूस मोजताय की पक्ष.

मध्य प्रदेशच्या ११ खुर्च्या घेऊ. एप्रिल २०२० मध्ये प्रभात झा, सत्यनारायण जटिया आणि दिग्विजय सिंह निवृत्त झाले. जूनमध्ये ज्योतिरादित्य शिंदे, सुमेरसिंग सोलंकी आणि पुन्हा दिग्विजय सिंह आले. माणसं बदलली २. २०२२ मध्ये एम. जे. अकबर, संपतिया उइके आणि विवेक तनखा निवृत्त झाले. कविता पाटीदार, सुमित्रा वाल्मीकी आणि पुन्हा तनखा आले. बदल २. २०२४ मध्ये धर्मेंद्र प्रधान, अजय प्रताप सिंह, कैलाश सोनी, राजमणी पटेल आणि मुरुगन निवृत्त झाले. उमेशनाथ महाराज, बन्सीलाल गुर्जर, माया नारोलिया, ग्वाल्हेरचे अशोक सिंह आणि पुन्हा मुरुगन आले. बदल ४. बेरीज ८. म्हणजे ११ पैकी ८, सुमारे ७३ टक्के माणसं बदलली.

आता पक्ष पाहा. २०२० मध्ये भाजप २, काँग्रेस १, आधीही तेच. २०२२ मध्ये तेच. २०२४ मध्ये ४ आणि १. आधीही ४ आणि १. पक्षाचा बदल शून्य. एवढ्या काळात भोपाळमध्ये सरकारं आली, पडली, पुन्हा आली. काँग्रेसचं सरकार डिसेंबर २०१८ ते मार्च २०२० होतं आणि त्या पंधरा महिन्यांत राज्यसभेची एकही नियमित निवडणूक पार पडली नाही. एप्रिल २०१८ ची आधी होऊन गेलेली आणि मार्च २०२० ची सरकार कोसळल्यावर लांबलेली. विधानसभा जिंकली तरी खुर्चीच्या घड्याळाशी गाठ पडली नाही तर राज्यसभेत काही मिळत नाही. हे समजून घेण्यासाठी मध्य प्रदेशाइतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

याच्या उलट टोकाला पंजाब. २०२२ पूर्वी तिथल्या सात खुर्च्यांत काँग्रेस ३, अकाली दल ३, भाजप १. त्या वर्षी आम आदमी पक्षाने सातही घेतल्या. माणसं शंभर टक्के, पक्ष शंभर टक्के.

मुरुगन यांचं काय, हा प्रश्न उरतो. २०१८ मध्ये ती खुर्ची थावरचंद गेहलोत यांची होती. ते २०२१ मध्ये राज्यपाल झाले आणि मुरुगन पोटनिवडणुकीने आले. निवृत्तीच्या दिवशी बसलेल्या माणसाशी तुलना केली तर २०२४ चा बदल ४. सहा वर्षांपूर्वी निवडून आलेल्याशी केली तर ५, आणि एकूण ८ ऐवजी ९. दोन्ही रीती चालतात, फक्त वहीच्या पहिल्या पानावर कुठली वापरली ते लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका. दासगुप्तांसारखी ‘तोच माणूस परत’ नोंद माणसाच्या उलाढालीत धरायची नाही. रिक्ततेच्या दिवसांत मात्र धरायची.

छेद: २४५, की बसलेले, की हजर

साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, म्हणजे २४५ पैकी १२३, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. जम्मू-काश्मीरच्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या तेव्हा बातम्या २४१ वर १२१ हा ‘मॅजिक आकडा’ देत होत्या. साध्या विधेयकासाठी ते व्यवहारात ठीक, घटनादुरुस्तीसाठी चूक. सभापती, म्हणजे उपराष्ट्रपती, हे सदस्य नसतात आणि मतं समसमान पडली तरच निर्णायक मत देतात. त्यांना कुठल्याही पक्षात मोजू नका. उपसभापती सदस्य असतात, त्यांना मोजा.

पूर्ण नियुक्त सभागृह: कॅनडाचं सिनेट

आपल्या बारा खुर्च्यांचं तत्त्व संपूर्ण सभागृहाला लावलं तर काय होतं, ते कॅनडात दिसतं. तिथल्या सिनेटमध्ये १०५ जागा आहेत, सगळ्या नियुक्त. पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल नेमणूक करतात. १९६५ पासून निवृत्तीचं वय ७५. त्यामुळे तिथली वही मांडायला राजपत्रापेक्षा जन्मतारखा जास्त उपयोगी पडतात. कुठली खुर्ची कुठल्या दिवशी रिकामी होणार, हे अनेक वर्षं आधी माहीत असतं. मृत्यू आणि राजीनामे तेवढे अनपेक्षित. ती कधी भरली जाईल, हे मात्र पंतप्रधानांच्या मर्जीवर.

मध्य प्रदेशात माणसं बदलली आणि पक्ष बदलला नाही. कॅनडात २९ जानेवारी २०१४ रोजी उलट घडलं. लिबरल नेते जस्टिन ट्रुडो यांनी आपल्या पक्षाचे सगळे ३२ सिनेटर संसदीय गटातून बाहेर काढले. एकही माणूस बदलला नाही आणि तरी ३२ खुर्च्यांचा पक्षाशी संबंध तुटला. गंमत अशी की ते सिनेटमध्ये स्वतःला लिबरलच म्हणवत राहिले, त्यामुळे यादीत फरक दिसला नाही. २०१६ पासून स्वतंत्र सल्लागार मंडळाच्या शिफारशीवरून नेमणुका होऊ लागल्या आणि पक्षांऐवजी इंडिपेंडंट सिनेटर्स ग्रुपसारखे गट उभे राहिले. तिथे ‘पक्ष’ हा रकाना काढून ‘गट’ आणि ‘नेमणूक करणारा पंतप्रधान’ असे दोन रकाने करावे लागतात.

महाराष्ट्रातले नातलग विधान परिषदेबद्दल विचारतील तर तीच वही चालते. तिथे ७८ जागा आहेत: ३० आमदारांनी निवडलेल्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. या बारांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपालांकडे गेली आणि तशीच पडून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नियुक्ती झाली. मध्य प्रदेशसाठी मात्र असं पान उघडायचं नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत इथल्या विधान परिषदेची तरतूद झाली, पण ती लागू करण्याची तारीख कधीच जाहीर झाली नाही.

महिन्याचा ताळा

महिन्याच्या पहिल्या रविवारी राज्यसभेच्या संकेतस्थळावरची पक्षनिहाय यादी उघडा. आपल्या वहीतल्या दुसऱ्या रकान्याची पक्षवार बेरीज करा, तीत ‘रिक्त’ मिळवा. २४५ आले पाहिजेत. एक-दोनाचा फरक आला तर याच क्रमाने शोधा: निवडून आला पण मुदत सुरू झाली नाही असा कुणी आधीच चढवला का, लोकसभेवर गेलेल्याची खुर्ची अजून भरलेली दाखवली का, नामनियुक्ताने सहा महिन्यांत पक्ष स्वीकारला आणि तो दोन्हीकडे मोजला गेला का. त्यानंतरही फरक राहिला तर संकेतस्थळाच्या यादीखालची तारीख पाहा. कधीकधी ती यादीच जुनी असते. मग राजपत्रात त्या खुर्चीची शेवटची अधिसूचना शोधून तिच्यावरून नोंद करा आणि समासात तिची तारीख लिहा.